सुई जवळच्याचं ऐकते

कोलकात्याचं न्यू टाउन हे कंपास शिकायला उत्तम ठिकाण आहे असं म्हटलं, तर सह्याद्रीत भटकणारी मंडळी हसतील. तिथे डोंगर नाही, घाट नाही, ठेच लागावी असा दगडही नाही. विमानतळाच्या आग्नेयेला राजारहाट भागात, गंगेच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळावर हे नियोजित शहर उभं आहे. भातशेती आणि पाणथळ जमिनीच्या जागी, १९९९ साली स्थापन झालेल्या हिडको या सरकारी महामंडळानं ते आखलं. पण दगड नसणं हीच त्याची सोय आहे. खालच्या गाळात सुईला ओढून घेईल असं जवळपास काही नाही. त्यामुळे तिथे सुई भरकटली, तर दोष माणसानं उभ्या केलेल्या वस्तूंचा, हे छातीठोकपणे सांगता येतं.

न्यू टाउनच्या एखाद्या उंच इमारतीत राहणारा मराठी ट्रेकर नाताळच्या सुट्टीत संदकफूला निघणार असेल, तर त्यानं आधी घरातच एक प्रयोग करावा. कंपासच्या बेसप्लेटची लांब कड फरशीच्या सांध्याला लावायची आणि सांधा न सोडता कंपास हळूहळू पुढे सरकवत न्यायचा. कड एकाच दिशेला आहे, तेव्हा सुईनंही एकाच आकड्यावर राहायला हवं. पण ती राहत नाही. स्लॅबमधल्या सळईवरून जाताना ती एका बाजूला झुकते, पुढे सावरते, कपाटाच्या लोखंडी पायाजवळ पुन्हा वळते. मग तोच कंपास ४८० एकरांच्या इको पार्कमध्ये न्यावा. कुंपण, दिव्यांचे खांब, बाकं यांच्यापासून लांब, मोकळ्या हिरवळीवर ताणून धरलेल्या दोरीच्या कडेनं तो सरकवावा. आता सुई हलत नाही. कंपास तोच, गाव तेच. बदलले फक्त आजूबाजूचे शेजारी.

या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच. कंपासची सुई क्वचितच बिघडते. बहुतेक वेळा बिघडलेली असते ती जागा, आणि ती ओळखता येते.

सुईला काय कळतं

सुईला उत्तर दिशा कळत नाही. ती जिथे आहे त्या बिंदूपाशी जे एकूण चुंबकीय क्षेत्र असेल, त्याच्या आडव्या घटकाच्या दिशेत ती स्थिर होते. त्या क्षेत्रात पृथ्वीचा वाटा किती आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलचा किती, हा हिशेब तिला मांडता येत नाही. जो जवळ आहे आणि जोरकस आहे, त्याचं ती ऐकते.

पृथ्वीचा जोर तसा बेताचाच. कोकण किनाऱ्यावर तिच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. आकडा मोठा वाटला तरी फ्रिजच्या दारावर चिकटवायचं चुंबक स्वतःच्या पृष्ठभागापाशी याच्या कितीतरी पट क्षेत्र निर्माण करतं. तरीही आपण नशीबवान आहोत. ब्रिटनमध्ये हाच आडवा घटक १९ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्मा आहे. आडव्या घटकाच्या बाबतीत भारत जगातल्या सधन प्रदेशांपैकी आहे. आपल्याकडे सुई लवकर स्थिर होते, आणि तेच लोखंड तेवढ्याच अंतरावर ठेवलं तर ती लंडनपेक्षा कमी वळते.

किती वळते तेही सांगता येतं. पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राशी काटकोनात सुमारे ३,३०० नॅनोटेस्लाचं परकं क्षेत्र आलं, तर आपल्याकडे सुई पाच अंशांनी चुकते. ६,७०० आलं तर दहा अंशांनी. दहा अंश चुकून एक किलोमीटर चाललात तर मूळ वाटेपासून सुमारे १७५ मीटर बाजूला पोचता. इको पार्कमध्ये यानं काही बिघडत नाही. धुक्यात हरवलेल्या हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर कोकणकड्याच्या बाजूला १७५ मीटर म्हणजे काय, हे तिथे गेलेल्याला वेगळं सांगायला नको.

दिलासा देणारा नियम एकच आहे. छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट केलं की परिणाम आठवा हिस्सा उरतो. मोबाइल कंपासपासून ५ सेंटिमीटरवर होता, तो ४० सेंटिमीटरवर नेला, तर त्याचा परिणाम पाचशेव्या हिश्श्याहूनही खाली येतो. म्हणून कंपास वाचताना मोबाइल बंद करण्यात काही अर्थ नाही. त्यातलं स्पीकरचं चुंबक बंद होत नसतं. तो सॅकच्या मागच्या कप्प्यात टाका, काम झालं.

कंपासजवळ नको असलेल्या वस्तूंची यादी आता लांबली आहे. मोबाइल आणि त्याचं चुंबकी कव्हर, ब्लूटूथ इअरफोनची डबी, पाण्याच्या नळीची चुंबकी क्लिप, जॅकेटची चुंबकी बटणं, ॲक्शन कॅमेऱ्याचं चुंबकी माउंट, पॉवर बँक, हेडटॉर्च, पोलादी पात्याचा चाकू, काही घड्याळं. ॲल्युमिनियमच्या काठीचा, पितळेच्या बकलाचा किंवा तांब्याच्या भांड्याचा काही उपद्रव नाही. मोठ्या वस्तूंसाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशावाचनाच्या पुस्तिकेत अंतरं ठरवून दिली आहेत: उच्च दाबाच्या वीजवाहिनीपासून ५५ मीटर, ट्रक किंवा रणगाड्यापासून १८ मीटर, काटेरी तारेच्या कुंपणापासून १० मीटर, रायफल किंवा पोलादी शिरस्त्राणापासून अर्धा मीटर. ट्रेकरनं ट्रकच्या जागी आपली जीप धरावी. पायथ्याच्या गावात जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून दिशा ठरवणं दिसायला झकास, पण तिथे घेतलेला आकडा कामाचा नाही.

कुलाब्याचं बस्तान अलिबागला

जागा बिघडली तर काय करायचं, याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्रातच आहे. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी घ्यायला सुरुवात झाली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांनी हे काम मार्गी लावलं. रात्रंदिवस, ठरलेल्या वेळी, लटकत्या चुंबकांची हालचाल वाचून वहीत लिहायची, असं ते चिकाटीचं काम. या वह्यांची किंमत २ सप्टेंबर १८५९ या दिवशी ठरली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यावर एक विलक्षण झगझगाट पाहिला होता. त्यानंतर आलेल्या चुंबकीय वादळात कुलाब्याचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं कोसळल्याची नोंद झाली. त्या वादळाची विषुववृत्ताकडच्या प्रदेशातली इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे सहसा सापडत नाही. म्हणून आजचे शास्त्रज्ञही कुलाब्याच्या त्या पानांकडे परत जातात.

विसावं शतक उजाडलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि ती रुळांतून परत जाते. परतीचा काही प्रवाह रूळ सोडून जमिनीतून वाट काढतो. एकाच दिशेनं वाहणारा हा प्रवाह गाड्यांच्या ये-जा करण्याबरोबर सतत कमीजास्त होतो. नॅनोटेस्लाच्या हिशेबात बोलणाऱ्या वेधशाळेला हा शेजार परवडणारा नव्हता. तेव्हाचे संचालक होते एन. ए. एफ. मूस, या पदावर आलेले पहिले भारतीय. त्यांच्या कारकिर्दीत खाडीपलीकडे, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली.

अलिबागचं बांधकाम म्हणजे चुंबकीय शुद्धतेचा पाठच. भिंतींसाठी पोरबंदरचा दगड निवडला, तोही चुंबकत्व तपासून. लाकूड सागवानी, बिजागऱ्या आणि खिळे पितळ-तांब्याचे. लोखंडाला मज्जाव. तापमान बदललं की चुंबकाची ताकदही किंचित बदलते, म्हणून नोंदयंत्रांसाठी खोलीच्या आत खोली बांधली. पण मूस यांच्या दूरदृष्टीची खरी खूण इमारतीत नाही, वेळापत्रकात आहे. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्हीकडचे आकडे जुळवून फरक ठरवला आणि मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली, तेव्हा सुया सुखरूप पलीकडच्या तीरावर होत्या. कुलाबा आणि अलिबाग मिळून एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत चाललेली ही नोंद जगातल्या दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आहे. हे काम आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

ट्रेकरला यातून दोन गोष्टी घेता येतात. एक, उपकरण कितीही चांगलं असलं तरी शेजार वाईट असेल तर ते उचलून दुसरीकडे न्यावं लागतं. दुसरी, जुन्या आणि नव्या जागेचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय कुणावरच विश्वास ठेवायचा नाही.

१८५९ च्या वादळाचा आकडाही पुन्हा एकदा नजरेखालून घालावा. इतिहासातल्या त्या भयंकर वादळातसुद्धा मुंबईत आडवा घटक बदलला तो जेमतेम चार-पाच टक्क्यांनी. मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले इथून आकाशात तांबडी प्रभा दिसली, पण राजमाचीच्या वाटेवरच्या कंपासला त्याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. आपल्या अक्षांशांवर सूर्याच्या कोपापेक्षा छातीवरच्या खिशातला मोबाइल जास्त वाट चुकवतो.

वीज वाहते तिथे

विजेच्या तारा दिसल्या की कंपास वाचू नये, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात थोडा फरक करायला हवा. आपल्या घरात आणि बहुतेक उच्च दाबाच्या वाहिन्यांत एसी वीज असते. तिची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फेरा घेते. जड सुईला इतक्या वेगानं डोलता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडची ओढ एकमेकींना कापते. एसी वाहिनीखाली सुई चुकते ती मुख्यतः मनोऱ्याच्या पोलादामुळे.

डीसी विजेचं तसं नाही. तिची ओढ एकाच बाजूला आणि सतत. एकट्या तारेतून १०० अँपिअर डीसी प्रवाह वाहत असेल, तर एक मीटरवर २० हजार नॅनोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं, म्हणजे आपल्या आडव्या घटकाच्या निम्म्याहून थोडं जास्त. आगगाडी किंवा मेट्रो याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारून वाहिले की बरंचसं क्षेत्र कटतं. पण परतीचा प्रवाह जमिनीत भरकटला की पुन्हा कुलाब्याचीच गोष्ट.

कोलकात्यात विजेची ट्राम मुंबईच्याही आधी, १९०२ साली सुरू झाली. त्याच सुमारास सर्व्हे ऑफ इंडियानं देशाचं चुंबकीय सर्वेक्षण हाती घेतलं, तेव्हा बंगालमधलं कायम वेधकेंद्र शहरात नव्हतं. ते उत्तरेला बराकपूरला होतं. आज ट्राम जवळपास गेली, पण १९८४ पासून धावणारी कोलकाता मेट्रो तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी वीज घेते, आणि तिची ऑरेंज मार्गिका न्यू टाउनमधून विमानतळाकडे आखलेली आहे. मेट्रोच्या पुलाखाली आधीच सळयांचं जंगल असतं. त्यात डीसी प्रवाहाची भर पडली की तिथे कंपास न काढलेलाच बरा. नारकेलबागान चौकातल्या बिश्व बांगला गेटच्या पोलादी कमानींखालीही तेच.

मुंबईचा प्रवास उलट दिशेनं झाला. १९२५ पासून उपनगरी गाड्या १,५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या. २०१६ पर्यंत त्या २५ हजार व्होल्ट एसीवर आल्या. त्यामुळे कर्जत-कसाऱ्याकडच्या ट्रेकरची एक कटकट कमी झाली. मात्र चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० किलोव्होल्टची मोठी वाहिनी डीसी आहे. तिच्या मनोऱ्यांच्या रांगेखालून वाट जात असेल, तर आकडा आधी घ्यावा किंवा पार झाल्यावर.

काळा कातळ

न्यू टाउनच्या गाळातून सह्याद्रीत आलं की जमीन स्वतःच बोलायला लागते. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला. त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे लोहखनिजाचे बारीक कण आहेत. लाव्हा थंड होताना या कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा कायमची पकडून ठेवली. गंमत म्हणजे तेव्हा बराच काळ पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. त्यामुळे घाटातले पुष्कळ थर उलट चुंबकित आहेत, तर महाबळेश्वरच्या बाजूला माथ्याकडचे थर पुन्हा सुलट. १९५६ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांचं चुंबकत्व मोजून दाखवलं, की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात या मताला बळ देणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांत आपला काळा कातळ आहे.

खडकातलं हे मूळ चुंबकत्व फारसं जोरकस नसतं. छातीच्या उंचीवर धरलेल्या कंपासला ते सहसा जाणवत नाही. घोटाळा होतो तो विजेमुळे. आकाशातली वीज उघड्या शिखरावर पडते, तेव्हा खडकातून तीस हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह क्षणभर वाहून जातो. त्या वाटेपासून मीटरभर अंतरावर पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभरपटींहून अधिक क्षेत्र तयार होतं आणि तिथला बेसाल्ट नव्यानं, जोरदार चुंबकित होतो. प्राचीन चुंबकत्वाचे अभ्यासक अशा दगडांना वैतागतात. नमुन्याची दिशा ठरवायला म्हणूनच ते सूर्यकंपास सोबत ठेवतात. ट्रेकरला हे दगड भेटतात ते नेमके माथ्यावर, सुळक्यांवर, कड्याच्या टोकाला, म्हणजे नकाशा पसरायला आपण जिथे बसतो तिथे.

म्हणून सह्याद्रीत एक सवय लावून घ्यावी. नकाशा कातळावर पसरून त्यावर कंपास ठेवू नये. दगडाला टेकलेली सुई त्या दगडाचंच सांगते. नकाशा हातात धरावा, नाहीतर गवतावर ठेवलेल्या सॅकवर पसरावा, आणि बेअरिंग उभ्यानं, कंपास छातीसमोर धरून घ्यावं. गडावरच्या लोखंडी तोफा, अलीकडे बसवलेली रेलिंग आणि शिड्या यांच्यापासूनही पाच-दहा पावलं लांब राहावं. कोलकात्याकडून सिंगभूम आणि मयूरभंजच्या जंगलात जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे मॅग्नेटाइटचे साठेच आहेत.

दिक्पात आणि नती

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला कोन म्हणजे दिक्पात. परदेशी पुस्तकांत यावर पानंच्या पानं असतात, कारण न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांच्या पुढे आहे. महाराष्ट्रात आणि कोलकात्यात तो सध्या अंशभराच्या आतबाहेर आहे. एका अंशानं किलोमीटरमागे सतरा-अठरा मीटरचा फरक पडतो. चालताना आपला हातच त्याहून जास्त हलतो. तेव्हा परदेशातून आणलेल्या कंपासवर दिक्पाताचा स्क्रू असेल, तर तो शून्यावर आहे ना एवढं पाहावं. दुकानातूनच तो दहा-पंधरा अंशांवर फिरवलेला असू शकतो.

नतीकडे, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र जमिनीकडे झुकतं त्या कोनाकडे, मात्र आपण दुर्लक्ष करतो. पृथ्वीचं क्षेत्र उत्तर युरोपात सत्तर अंशांनी जमिनीत घुसतं, मुंबईत पंचवीस-तीस अंशांनी. उत्तर युरोपासाठी तयार केलेल्या सुईच्या दक्षिण टोकाला तोल सांभाळण्यापुरतं वजन दिलेलं असतं. तीच सुई आपल्याकडे आणली की दक्षिण टोक खाली झुकतं, डबीच्या तळाला घासतं आणि सुई भलत्याच आकड्यावर अडकते. नातेवाइकांनी लंडनहून आणलेला महागडा कंपास इथे साध्या कंपासहून वाईट चालतो, तो यामुळे. घेताना तो आपल्या पट्ट्यासाठी तोललेला आहे का, किंवा सगळीकडे चालणाऱ्या सुईचा आहे का, हे विचारावं.

उलटलेली सुई

कधीकधी दोष सुईतच शिरतो. सॅकच्या एकाच कप्प्यात आठवडाभर स्पीकरला चिकटून पडलेली सुई उलट चुंबकित होऊ शकते. मग लाल टोक इमानदारीनं दक्षिण दाखवतं. अर्धवट बिघडलेली सुई त्याहून वाईट. ती सुस्त होते आणि दर वेळी वेगळ्या आकड्यावर थांबते.

उपाय घरी करता येतो. एक बऱ्यापैकी जोरकस चुंबक घ्यावं. धड असलेल्या दुसऱ्या कंपासचं लाल टोक चुंबकाच्या ज्या बाजूकडे धावतं, ती बाजू खडूनं खुणेची करावी. धड कंपास दूर ठेवावा. बिघडलेला कंपास कडेवर उभा तिरपा धरावा, म्हणजे सुई डबीला टेकून अडकते आणि फिरत नाही. आता चुंबकाची खुणेची बाजू डबीवर सुईच्या मध्यापाशी टेकवून लाल टोकाकडे सरळ ओढत न्यावी आणि टोकाच्या पुढे जाऊन चटकन वर उचलावी. परत येताना हवेतून, मोठा वळसा घेऊन यावं. डबीवरून मागे घासत आणलं तर केलेलं पुसलं जातं. असं दहा-बारा वेळा करून चुंबक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं आणि कंपास आडवा धरावा. सुई वळून उत्तरेला थांबली की झालं. सुस्त असेल तर पुन्हा करावं.

डबीतल्या तेलात बुडबुडा दिसला की घाबरू नये. उंचीवर आणि थंडीत तो मोठा होतो, उबेत लहान होतो किंवा नाहीसा होतो. सुईला अडवेल इतका मोठा झाला किंवा कायम वाढत राहिला, तर डबीला चीर गेली आहे असं समजावं आणि कंपास बदलावा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कंपास ठेवणं हा त्याला मारायचा खात्रीचा मार्ग.

मोबाइलमधला कंपास

मोबाइलमध्ये सुई नसते. तीन दिशांतलं क्षेत्र मोजणारी चिप असते, आणि ती बसवलेली असते स्पीकर, बॅटरी आणि पोलादी स्क्रूंच्या गर्दीत. तरीही ती बऱ्यापैकी दिशा दाखवते, कारण तिच्यामागे एक जुनी युक्ती आहे. १८३८ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्यापुढे लोखंडी जहाजावरच्या होकायंत्राचा प्रश्न आला. त्यांनी जहाज सगळ्या दिशांना वळवून दर वेळची चूक मोजली आणि ती नेमकी कापेल अशा जागी चुंबकं आणि लोखंड बसवलं. मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा असं सांगितलं जातं, तेव्हा आपण हेच करत असतो. मोबाइलच्या अंगचं लोखंड मोबाइलबरोबर फिरतं, पृथ्वीचं क्षेत्र फिरत नाही. त्या फरकातून अंगची चूक काढून टाकता येते.

पण बाहेरच्या लोखंडावर ही युक्ती चालत नाही. चुंबकी कव्हर लावलं, काढलं किंवा जीपमध्ये बसून आठ काढला, तर हिशेब चुकीच्या पायावर मांडला जातो. म्हणून कव्हर आधी काढा, आठ मोकळ्या जागेत काढा, आणि आकड्यावर विसंबण्यापूर्वी साध्या कंपासशी ताडून बघा. दोन्ही एकाच हातात धरून नव्हे, हातभर अंतरावर.

चालण्यापूर्वीची तपासणी

घरून निघण्यापूर्वी सुई घासते का ते पाहा. कंपास मोकळ्या जागी स्थिर ठेवून सुई चाकूच्या टोकानं थोडी ओढून सोडा, चाकू दूर न्या. चार वेळा डावीकडून, चार वेळा उजवीकडून. दर वेळी ती त्याच आकड्यावर परतली पाहिजे.

रात्री मोकळ्या मैदानात ध्रुवतारा पाहा. तो खऱ्या उत्तरेपासून अंशभराच्या आत असतो, आणि आपल्याकडे दिक्पातही तेवढाच. त्यामुळे ध्रुवाकडे धरलेला कंपास आपल्या देशात सरळ तपासता येतो, कुठलीही वजाबाकी न करता. दिवसा काठीची सावली वापरायची असेल, तर स्थानिक मध्यान्ह गाठा. भारतीय प्रमाणवेळेनुसार तो मुंबईत साडेबाराच्या थोडा पुढे येतो, कोलकात्यात साडेअकराच्या थोडा पुढे, आणि ऋतूनुसार दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होतो. तेव्हाची सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण असते. मात्र मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते. कोलकात्यात असे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच असतात.

वाटेवर सर्वांत कामाची तपासणी पॉलिटेक्निकच्या सर्व्हेच्या तासाला शिकवतात. समोरच्या खुणेकडे बेअरिंग घ्या. त्या खुणेपाशी पोचल्यावर मागे वळून, निघालात त्या जागेकडे पुन्हा घ्या. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक असला पाहिजे. तीन-चार अंशांहून जास्त तफावत आली, तर दोनपैकी एका जागी सर्व्हेवाले ज्याला लोकल अॅट्रॅक्शन म्हणतात ते आहे. कोणती जागा ते तिसऱ्या ठिकाणाहून कळतं.

धुकं दाटलं असताना आणि सोबतचे घाई करत असताना एवढं सगळं आठवणार नाही. तेव्हा एकच करा. आकडा पटला नाही, तर दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचा. तरीही जुळलं नाही, तर आणखी दहा. जुळेपर्यंत कंपासवर चालू नका, मळलेल्या वाटेवर, ओढ्यावर आणि उतारावर लक्ष ठेवून चाला, नाहीतर धुकं विरेपर्यंत बसून राहा. सह्याद्रीत बसून राहिल्यानं फार तर जेवण चुकतं.